विल्यम थॉमस : पैसे घेऊन पळाला, शब्दकोश घेऊन परतला

पोथीवाला (धागाकर्ता)

ट्यूडर काळातल्या (१४८५-१६०३) इंग्लंडला लागलेलं इटालियनचं वेड म्हटलं की सगळे थेट इटालियन-इंग्रजी कोशकार जॉन फ्लोरिओकडे वळतात. पण फ्लोरिओ जन्मायच्या आधीच पाया घालून मोकळा झालेला माणूस म्हणजे विल्यम थॉमस. इंग्रजीत छापलेलं इटलीवरचं पहिलं पुस्तक त्याचं (१५४९). इंग्रजांसाठीचं इटालियनचं पहिलं छापील व्याकरणही त्याचंच, सोबत शब्दकोश (१५५०). आणि १५५४ मध्ये टायबर्नला फाशी. त्याच्यावर मराठीत सलग काही वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा.

माणूस वेल्सचा. सर अँथनी ब्राउन हा आठव्या हेन्रीचा ‘मास्टर ऑफ द हॉर्स’, म्हणजे राजाच्या पागेचा सर्वोच्च अधिकारी. थॉमस त्याच्या चाकरीत होता. जुगारात बुडाला आणि मालकाचे पैसे हुंड्यांच्या रूपाने घेऊन १५४५ च्या सुरुवातीला पसार झाला. एप्रिलमध्ये व्हेनिसला पोचला तर तिथे पकडायला माणसं तयारच. इंग्लंडच्या प्रिव्ही कौन्सिलचं (राजाच्या सल्लागार मंडळाचं) पत्र तिथला इंग्रज राजदूत एडमंड हार्वेल याच्याकडे त्याच्या आधीच पोचलं होतं. हुंड्या परत केल्या, काही काळ कोठडीत काढला, सुटला.

सुटल्यावर घरी जायची सोय नव्हती, त्यामुळे इटलीतच राहिला. फेब्रुवारी १५४७ मध्ये तो बोलोन्यात होता. हेन्री नुकताच वारला होता आणि तिथल्या एका श्रीमंत व्यापाऱ्याच्या घरी इटालियन सद्गृहस्थांनी या राजाला धारेवर धरलं. थॉमसने त्याची बाजू लढवली. तोच संवाद पुढे ‘इल पेल्लेग्रीनो इंग्लेझे’, म्हणजे ‘इंग्रज यात्रेकरू’, या नावाने १५५२ मध्ये इटालियनमध्ये छापला गेला. अर्पण केलाय पिएत्रो आरेतीनोला. हा आरेतीनो भल्याभल्या राजांकडून पैसे उकळणारा लेखक, त्यामुळे निवड मासलेवाईक आहे.

पुढचा मुक्काम पादुआ. व्हेनिसमध्ये असलेला त्याचा मित्र जॉन टॅमवर्थ याला इटालियन शिकायचं होतं, त्याच्यासाठी थॉमसने छोटं व्याकरण आणि शब्दसंग्रह लिहून पाठवला. टॅमवर्थने ते हस्तलिखित सर वॉल्टर मिल्डमेला दाखवलं, मिल्डमेने छापायला लावलं. लंडनच्या टॉमस बर्थलेटच्या छापखान्यातून १५५० मध्ये पुस्तक बाहेर पडलं. बोकाशिओ, पेट्रार्क आणि दान्ते वाचणाऱ्यांना मदत व्हावी म्हणून, असं नावातच लिहिलंय.

इटलीचा इतिहास त्याआधी एक वर्ष, त्याच छापखान्यातून. अर्पणपत्रिका जॉन डडलीला, म्हणजे वॉरिकच्या अर्लला. तारीख २० सप्टेंबर १५४९. आता ही तारीख बघा. सत्ता तेव्हा पोरवयाच्या सहाव्या एडवर्डच्या नावाने सॉमरसेटच्या ड्यूकच्या हातात होती. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सॉमरसेट कैदेत आणि वॉरिक वर. घोड्यावर पैसे लावून आयुष्य बरबाद केलेल्या माणसाचा हा घोडा मात्र बरोबर लागला. १९ एप्रिल १५५० ला थॉमस प्रिव्ही कौन्सिलचा क्लर्क झाला.

---

मोडीवाचक

उत्तम धागा. एक खुलासा. ‘क्लर्क’ वाचून आपल्याला टेबलामागचा कारकून दिसतो, पण इथे ‘चिटणीस’ हा शब्द जवळचा. कौन्सिलच्या बैठकीची नोंदवही, हुकुमांचे मसुदे, बाहेर जाणारी पत्रं असं सगळं या माणसाच्या हाताखालून जायचं. म्हणजे पाच वर्षांपूर्वी ज्या कौन्सिलने पकडायला पत्र धाडलं, तिचंच दप्तर त्याच्या हाती आलं.

आणि ‘घोड्यावर पैसे’ ही लाडिक भर आहे. त्याने जुगार खेळला एवढंच ठेवूया.

---

पोथीवाला

मान्य, घोडा मागे घेतो.

---

रोजमेळ

हुंडीबद्दल. रोख घेऊन पळालेला माणूस हरवून जाऊ शकतो, हुंडी घेऊन पळालेला नाही. हुंडी वटवायला ठरलेल्या गावी, ठरलेल्या पेढीवरच जावं लागतं. लंडनमध्ये पैसे भरले, व्हेनिसच्या सराफाच्या नावे कागद घेतला, की चोर कुठे उगवणार हे कागदावरच लिहिलेलं असतं. ब्राउनच्या माणसांना जास्त डोकं लावावं लागलं नसणार. जासूद त्याच्यापुढे पोचला की काम झालं. मग इतकी रक्कम रोख का नेली नाही? त्या रकमेचं सोनं-चांदी अंगावर बाळगून आल्प्स ओलांडणं म्हणजे दरोडेखोरांना आमंत्रण, शिवाय इंग्लंडबाहेर नाणं नेण्यावर बंदी. पळपुट्यापुढे दोन्ही वाटा वाईटच होत्या.

---

तिथीमिती

तारखांच्या बाबतीत सांभाळून. पादुआहून टॅमवर्थला पाठवलेल्या पत्रावर ३ फेब्रुवारी १५४८ असं आहे, पण आपल्या मोजणीत ते १५४९. इंग्लंडात नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, तोवर जुनाच आकडा. व्हेनिसच्या राज्यात १ मार्चला. पादुआ व्हेनिसच्या ताब्यात, म्हणून फेब्रुवारीतली तारीख कुठल्याही बाजूने घेतली तरी एक वर्ष मिळवावंच लागतं. फ्लॉरेन्सचं वर्षही २५ मार्चचं.

चूक नेमकी कुठे होते? बोलोन्यातला संवाद जुन्या मोजणीने फेब्रुवारी १५४६ ठरतो. तो आकडा तसाच उचलला तर हेन्री जिवंत असताना त्याच्या मृत्यूवर चर्चा चाललेली दिसते! हेन्री गेला २८ जानेवारी १५४७ ला. वायटचं बंडही (मेरी राणीविरुद्धचं, ज्यात थॉमस अडकला) समकालीन कागदात १५५३ चं दिसेल, आपलं १५५४. साधा नियम: १ जानेवारी ते २४ मार्च यातली इंग्रजी तारीख असेल तर वर्ष तपासल्याशिवाय पुढे जायचं नाही. आणि संपादकाने ते आधीच बदललंय का तेही बघायचं, नाहीतर दोनदा मिळवाल.

---

शब्दखोर

शब्दकोशाची घडण सांगण्यासारखी आहे. थॉमसने शून्यातून शब्द गोळा केले नाहीत. त्याच्यासमोर दोन ताजी इटालियन पुस्तकं होती, दोन्ही १५४३ ची: चेन्तो गावात छापलेला आल्बेर्तो आकारीझिओचा शब्दकोश आणि व्हेनिसमध्ये छापलेलं फ्रांचेस्को आलुन्नोचं, बोकाच्चोच्या शब्दसंपत्तीवरचं मोठं पुस्तक. (धागाकर्ते, ‘बोकाशिओ’ नको. खाली कुणीतरी उच्चारांवर लिहीलच.)

ही पुस्तकं इटालियन लोकांनी इटालियन लोकांसाठी केलेली. म्हणजे ‘हा शब्द लिहिण्यात वापरावा का, आणि कुठल्या थोर लेखकाने वापरलाय’ हा त्यांचा प्रश्न. त्यात शब्दापुढे उताऱ्यामागून उतारे. इंग्रज वाचकाचा प्रश्न साधा: ‘याचा अर्थ काय?’ थॉमसने शीर्षशब्द ठेवले, उतारे कापले, पुढे इंग्रजी अर्थ लिहिला. कधी एक शब्द, कधी दोनतीन, कधी छोटं स्पष्टीकरण. आज हे किरकोळ वाटेल, पण दोन जिवंत भाषांचा कोश करताना काय ठेवायचं नि काय टाकायचं याचा कित्ता इंग्रजीत तोवर फारसा नव्हता. वेल्श-इंग्रजी कोशसुद्धा विल्यम सेल्सबरीने १५४७ लाच काढलेला. तीन वर्षांत दोन वेल्श माणसांचे दोन कोश.

उणीव याच पद्धतीत आहे. कोश एकाच दिशेचा, इटालियनकडून इंग्रजीकडे. वाचायला चालतो, बोलायला नाही. ‘लगाम’ला इटालियनमध्ये काय म्हणतात हे शोधायचं तर अख्खं पुस्तक चाळावं लागेल. दुसरं, शब्द आले ते चौदाव्या शतकातल्या तिघा लेखकांकडून. दोनशे वर्षांपूर्वीचे. ते घेऊन व्हेनिसच्या रिआल्तो बाजारात मिरीचा भाव करायला गेलेल्या व्यापाऱ्याची अवस्था ज्ञानेश्वरी पाठ करून मार्केट यार्डात गेलेल्यासारखी व्हायची.

तरी मागणी होती. थॉमस मेल्यावरही ते पुन्हा छापलं गेलं. फ्लोरिओचा १५९८ चा कोश साधारण ४६,००० शब्दांचा, १६११ ची आवृत्ती ७४,००० च्या घरात. त्याने तिघा थोरांपलीकडे जाऊन स्वयंपाक, शिकार, शिव्या, सगळं घेतलं. त्याच्यापुढे थॉमसचं पुस्तक म्हणजे चोपडी. पण अर्धशतकभर इंग्रजांच्या हातात हीच चोपडी होती.

---

तांबडी माती

व्याकरणाचा भाग कसा आहे? नुसते लॅटिनचे साचे का?

---

शब्दखोर

साचा लॅटिनचाच, त्याला पर्याय नव्हता. इंग्रजीचं स्वतःचं छापील व्याकरण तेव्हा अस्तित्वातच नव्हतं; विल्यम बुलोकारचं आलं १५८६ ला. वाचकाने शाळेत लॅटिन घोटलेलं असणार हे गृहीत धरून थॉमस नाम, सर्वनाम, क्रियापद अशा वाटेने जातो. पण लॅटिनमध्ये नसलेली गोष्ट आली की थांबावं लागतं. उदाहरणार्थ उपपद. लॅटिनला ते नाही. इंग्रजीला आहे, पण एकच रूप. इटालियनला लिंग, वचन आणि पुढच्या शब्दाचं पहिलं अक्षर बघून ‘इल’, ‘लो’, ‘ला’, ‘ई’, ‘ल्यी’, ‘ले’ असं बदलावं लागतं. शिवाय ते ‘दी’, ‘आ’, ‘दा’, ‘इन’ या शब्दयोग्यांना चिकटून ‘देल’, ‘आल’, ‘दाल’, ‘नेल’ होतं. शिकणारा अडकतो तो नेमका इथे. कोशात ‘नेल’ शोधून सापडत नाही, कारण तो सुटा शब्दच नाही.

---

चारा आणि चार

उच्चार! यात मराठी माणसाला जी सवलत आहे ती इंग्रजाला नव्हती.

इटालियन ‘झेड’ हे अक्षर बहुतेक वेळा ‘त्स’ असं उच्चारतात. इंग्रजाला ते दोन अक्षरं जोडून समजवावं लागतं. आपण म्हणायचं: ‘चारा’तला च. आणि ‘सी’च्या पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ आलं की ‘चार’तला च. संपलं. दोन्ही च आपल्या तोंडात लहानपणापासून आहेत, फक्त लिहिताना एकच अक्षर. ज चंही तसंच. ‘जी’पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ असेल तर ‘जीव’मधला ज, आणि ‘झेड’ घोष असेल तर ‘जाळं’मधला ज. म्हणून ‘ग्रात्सिए’मध्ये चाऱ्याचा च, ‘चाओ’मध्ये चारचा च.

आता फसगत. इंग्रजीत ‘सी-एच’ म्हणजे च. इटालियनमध्ये बरोब्बर उलट, ‘सी-एच’ म्हणजे क. तो ‘एच’ स्वतः मुका. फक्त ‘सी’ला मऊ होऊ देत नाही. म्हणून माकियावेल्ली, चियान्ती नाही तर कियान्ती. ‘जी-एच’ म्हणजे ग. दुसरीकडे ‘सी-आय’नंतर स्वर आला तर तो ‘आय’ बहुधा मुका, फक्त ‘सी’ला मऊ करायला आलेला. म्हणून बोक्काच्चो. ‘बोकाशिओ’ नाही.

‘जी-एन’ म्हणजे न्य: बोलोन्या, ‘धान्य’सारखं. ‘जी-एल-आय’ म्हणजे ल्य, ‘कल्याण’च्या जवळ: कास्तिल्योने. ‘कॅस्टिग्लिओन’ अशी मराठीत छापलेली रूपं दिसतात, ती नको. ‘एस-सी’पुढे ‘ई’ किंवा ‘आय’ म्हणजे श.

आणि जोडाक्षर. ‘पाला’ म्हणजे फावडं, ‘पाल्ला’ म्हणजे चेंडू. इंग्रज कानाला फरक कळत नाही. ‘पता’ आणि ‘पत्ता’ ज्याला वेगळे ऐकू येतात त्याला ही अडचण येऊ नये.

---

तांबडी माती

हे भारी आहे. चेंडूवरून आठवलं, व्हेनिसच्या निवडणुकीतले गोळे ते हेच ना?

---

पोथीवाला

हेच. ‘बाल्लोत्ता’ म्हणजे छोटा गोळा, त्यावरून इंग्रजी ‘बॅलट’. इंग्रजीत हा शब्द अगदी सुरुवातीला छापलेला दिसतो तो थॉमसच्याच इतिहासात. मतदानाचे गोळे कापडाचे असत, पेटीत पडताना आवाज होऊ नये म्हणून. कुणी कुठल्या बाजूला टाकला हे कानानेही कळता कामा नये.

दोजे, म्हणजे व्हेनिसचा प्रमुख, निवडायची पद्धत १२६८ पासूनची. महापरिषदेतल्या तीस वर्षांवरच्या सभासदांतून आधी चिठ्ठीने ३० निवडायचे. त्यांतून परत चिठ्ठीने ९. हे नऊ जण ४० नावं निवडणार, प्रत्येक नावाला नवांपैकी किमान ७ ची संमती. चाळीसांतून चिठ्ठीने १२. हे बारा २५ निवडणार, किमान ९ मतं. पंचविसांतून चिठ्ठीने ९. ते ४५ निवडणार, परत किमान ७. पंचेचाळिसांतून चिठ्ठीने ११. ते अकरा ४१ जण निवडणार, किमान ९ मतांनी. हे ४१ शेवटी दोजे निवडणार आणि त्याला किमान २५ मतं हवीत. गोळे काढायला एक लहान मुलगा.

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? चिठ्ठी आली की घराण्यांचं संगनमत मोडतं, कारण पुढच्या टप्प्यात कोण असेल हे कुणालाच ठाऊक नसतं. पण नुसती चिठ्ठी असती तर एखादा बिनडोकही निवडून आला असता, म्हणून मध्ये मध्ये मतदानाची चाळण. आणि सात-नऊ, नऊ-बारा या अटींमुळे साध्या बहुमताने कुणाला पुढे रेटता येत नाही.

थॉमसला या सगळ्याचं फळ गमतीदार वाटतं. एवढं करून निवडलेला दोजे त्याच्या मते मानाचा गुलाम, डामडौल राजाचा नि अधिकार जवळपास शून्य. राजेशाहीतून आलेल्या माणसाचं हे निरीक्षण अचूक आहे.

व्हेनिसबद्दलचा त्याचा दुसरा उतारा जास्त गाजलेला: परक्याला मिळणारं स्वातंत्र्य. इथे कोण काय करतो यात कुणी नाक खुपसत नाही. पोपपंथी असा, सुधारणावादी असा, ज्यू असा, तुर्क असा, सैतानाला मानत असा. आपली मतं पसरवत फिरला नाहीत तर कुणी हटकत नाही. मुळात कंसात घातलेली ही ‘पसरवत फिरला नाहीत तर’ची अट लोक सांगताना गाळतात. ती गाळली की व्हेनिस फारच उदार दिसतं.

---

मोडीवाचक

इतिहासाच्या पुस्तकाबद्दल सरळ सांगितलेलं बरं: सगळंच त्याचं नाही. वर्णनाचा भाग त्याचा, डोळ्यांनी बघून लिहिलेला. शहरं कशी, लोक कसे, खर्च कसा, रोमच्या पडक्या वास्तू. राज्यांचे इतिहास मात्र इटालियन ग्रंथांतून आटवलेले: रोम, व्हेनिस, नेपल्स, फ्लॉरेन्स, जेनोआ, मिलान, मांतुआ, फेर्रारा, उर्बीनो वगैरे. फ्लॉरेन्ससाठी माकियावेल्लीचा इतिहास, आणि त्याचं नाव घेऊन, विद्वान म्हणून गौरवून. लक्षात घ्या, माकियावेल्लीचा फ्लॉरेन्सचा इतिहास इंग्रजीत छापला गेला १५९५ ला आणि ‘राजपुत्र’ १६४० ला. रोमच्या बंदी-यादीत तो १५५९ ला गेला. थॉमस या सगळ्याच्या आधीचा.

जिथे तो ताज्या घटनांवर येतो तिथे पुस्तक जिवंत होतं. पिआचेन्त्साचा ड्यूक आणि पोपचा मुलगा पिएर लुइजी फार्नेझे याचा खून १० सप्टेंबर १५४७ ला झाला, तेव्हा थॉमस इटलीतच होता. १९६३ मध्ये जॉर्ज पार्क्सने केलेली आवृत्ती संक्षिप्त आहे आणि तिचं शुद्धलेखन आधुनिक केलंय. वाचायला सुरुवात तिथून करावी. मूळ १५४९ चं पान गॉथिक वळणाच्या ठशातलं. त्यात ‘यू’ आणि ‘व्ही’ ही दोन अक्षरं नसून जागा आहेत: शब्दाच्या सुरुवातीला ‘व्ही’, मध्ये ‘यू’, उच्चार काहीही असो. लांब ‘एस’ हुबेहूब ‘एफ’सारखा, फक्त मधली आडवी रेघ अर्धी. आणि ‘वाय’च्या डोक्यावर छोटा ‘ई’ म्हणजे ‘द’. ‘यी’ वाचू नका. मोडी वाचणाऱ्याला दोन दिवसांत सरावेल.

---

रोजमेळ

राजाला दिलेल्या धड्यांचं कुणी लिहिलं नाही अजून. सहावा एडवर्ड, जन्म ऑक्टोबर १५३७ चा, म्हणजे तेव्हा तेरा-चौदा वर्षांचा. थॉमसने त्याच्यासाठी राज्यकारभाराचे ८५ प्रश्न काढले आणि त्यातल्या काहींवर छोटे निबंध लिहून गुपचूप पोचवले. काळाप्रमाणे धोरण बदलावं का, सत्ता सरदारांच्या हाती बरी की सामान्यांच्या, कुठल्या राजाशी मैत्री फायद्याची असे विषय. मसाला माकियावेल्लीचा, पण इथे मात्र नाव घेतलेलं नाही. गुप्तता का? पोरगा कौन्सिलमध्ये स्वतःच्या बुद्धीने बोलतोय असं दिसावं म्हणून. चिटणिसाचं शिकवलेलं बोलतो हे उघड झालं असतं तर दोघांचंही अवघड झालं असतं.

यातला सर्वांत व्यावहारिक निबंध नाण्यांवर. पार्श्वभूमी अशी. १५४४ पासून इंग्लंडच्या टांकसाळीने चांदीत तांबं वाढवत नेलं. बारा औंसांत शुद्ध चांदी आधी ९ औंस, १५४५ ला ६, १५४६ ला ४, आणि १५५१ च्या शेवटच्या खेपेत ३. शिलिंग नावाला चांदीचं, घासलं की त्यावरच्या राजाच्या नाकाडावर तांबं उघडं. थॉमसचा सल्ला होता की नाणं ताबडतोब सुधारा.

आणि सरकारने केलं काय? ३० एप्रिल १५५१ ला जाहीर केलं की ३१ ऑगस्टपासून बारा पेन्सांचं शिलिंग नऊ पेन्सांना धरलं जाईल. चार महिने आधी सांगितलं! शुद्धीवर असलेल्या कुठल्या दुकानदाराने त्यानंतर जुन्या भावाने माल विकला असता? भाव चढले. मग घाईने ९ जुलैलाच अंमल केला आणि १७ ऑगस्टला आणखी खाली आणून सहा पेन्स. नोटबंदी रात्री आठ वाजता का सांगतात याचं उत्तर १५५१ च्या उन्हाळ्यात आहे. ऑक्टोबरात अखेर चांगली चांदी परत आली.

---

तांबडी माती

एवढं सगळं मिळाल्यावर बंडात कशाला पडला?

---

पोथीवाला

एडवर्ड ६ जुलै १५५३ ला गेला, मेरी आली, कॅथलिक राजवट आली, थॉमसची जागा गेली. त्याला एडवर्डच्या काळात वेल्सच्या सीमेवरच्या गावांची जकात वगैरे बरंच मिळालं होतं. हावही होती. सेंट पॉल कथीड्रलच्या एका इनामाची जमीन आपल्या आणि वारसांच्या नावे कायमची करून मागत होता. त्यासाठी कौन्सिलकडून दडपण आणलं म्हणून लंडनचा बिशप रिडली त्याच्यावर भडकला होता. रिडली तर त्याच्याच पंथाचा.

मेरीने स्पेनच्या फिलिपशी लग्न ठरवलं आणि त्याविरुद्ध कट शिजला. डिसेंबर १५५३ च्या शेवटी थॉमस डेव्हनमध्ये सर पीटर केऱ्यूच्या घरी पोचला. ठरलं होतं मार्चमध्ये एकदम चार ठिकाणी उठायचं. बातमी फुटली, जानेवारीतच हात घालावा लागला, डेव्हन उठलंच नाही. केऱ्यू समुद्रमार्गे फ्रान्सला निसटला. केंटमध्ये वायट उठला आणि ७ फेब्रुवारीला शरण आला. थॉमस वेल्सच्या दिशेने पळत होता, ग्लॉस्टरशरमध्ये सापडला. २० फेब्रुवारीला टॉवरमध्ये. काही दिवसांत सुरीने स्वतःला भोसकून घेतलं, पण जखम जीवघेणी नव्हती. ९ मे ला गिल्डहॉलमध्ये खटला, १८ मे ला टॉवरपासून टायबर्नपर्यंत फरफटत नेऊन फाशी, शिरच्छेद, चार तुकडे. डोकं लंडन ब्रिजवर, तीन तुकडे क्रिपलगेटवर. देशासाठी मरतोय असं शेवटी म्हणाला.

---

तिथीमिती

आरोप नुसता बंडाचा नव्हता. निकोलस आर्नल्डने जबानी दिली की राणीचा खून करण्याची कल्पना थॉमसची, आणि ती त्याने जॉन फिट्झविल्यमला सुचवली. आता दुसरा खटला बघा. सर निकोलस थ्रॉकमॉर्टन थॉमसबरोबरच टॉवरमध्ये आलेला. त्याचा खटला १७ एप्रिलला, म्हणजे थॉमसच्या तीन आठवडे आधी. त्याने भर कोर्टात सांगितलं की फिट्झविल्यम इथेच उभा आहे, त्यालाच विचारा. फिट्झविल्यम पुढे आला, शपथेवर सांगतो म्हणाला. सरकारी वकिलाने हरकत घेतली आणि त्याला बाहेर घालवलं. पंचांनी (ज्यूरीने) थ्रॉकमॉर्टनला निर्दोष सोडलं. त्याबद्दल पंचांनाच तुरुंग आणि दंड. पुढच्या महिन्यात थॉमसच्या पंचांसमोर हा दाखला ताजा होता.

खुनाची कल्पना थॉमसची नव्हतीच असं यातून सिद्ध होत नाही. पण ज्याने ती ऐकली म्हणतात त्याचं तोंड उघडू दिलं नाही, एवढं नोंदलेलं आहे.

---

चारा आणि चार

पुस्तकांचं पुढे काय झालं?

---

मोडीवाचक

इतिहास जाळला गेल्याचं सांगतात. एलिझाबेथच्या काळात १५६१ ला पुन्हा छापला. हेन्रीच्या बचावाचं इंग्रजी हस्तलिखित इतिहासकार फ्रूडने १८६१ ला छापलं. एडवर्डसाठी थॉमसने व्हेनिसच्या जोझाफात बार्बारोचा ताना (अझोव्ह समुद्रकाठचं बंदर) आणि इराणचा प्रवास इंग्रजीत केला होता, तो हस्तलिखितातच पडून राहिला आणि १८७३ ला हक्लुट सोसायटीने काढला.

शोधताना नावाची भानगड: विल्यम थॉमस नावाचा वूस्टरचा बिशप आहे (१६१३-१६८९), आणि त्याचा नातू जुन्या वास्तूंचा अभ्यासक. ग्रंथालयाच्या यादीत तिघांची सरमिसळ होते. १५५४ ही साल घालून शोधा.

---

गोमंतकी

‘थॉमस’ या नावावरून आठवलं: फादर टॉमस स्टीफन्स. तोही ट्यूडर इंग्लंडचा, रोममध्ये जेझुइट झाला, १५७९ ला गोव्यात आला. मराठीत क्रिस्तपुराण (१६१६) लिहिलं, कोकणीचं व्याकरण लिहिलं. ते १६४० ला राचोलला छापलं. दोघांचं नातं नाही, पण काम तेच: लॅटिनच्या साच्यात न बसणारी भाषा लॅटिन शिकलेल्यांना शिकवणं.

---

शब्दखोर

फरक मोठा आहे. थॉमसच्या वाचकाला इटालियन वाचता आलं की काम झालं. स्टीफन्सच्या वाचकाला गावात उभं राहून प्रवचन द्यायचं होतं, म्हणजे बोलणं आलं, कबुलीजबाब ऐकणं आलं. एकदिशा कोशावर त्याचं भागलं नसतं.

---

तांबडी माती

शेवटचा प्रश्न. ‘चाओ’मध्ये चारचा च आणि ‘पित्सा’मध्ये चाऱ्याचा, हे कळलं. मग ‘पिआचेन्त्सा’मध्ये दोन्ही?

---

चारा आणि चार

दोन्ही. आधी चार, मग चारा.